चार बोटांवरचा वारा

रघू,

तुझी वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, डाव्या कोपऱ्यावर डाग असलेली. तो डाग माझ्या अंगठ्याचा आहे, गाडीच्या वंगणाचा, आणि त्यावरून तू मला एकदा बोलला होतास. आता तू बोलणार नाहीस म्हणून मी बोलतो. इतकी वर्षं तू सांगायचास आणि मी मान हलवायचो. त्यातली निम्मी मान खोटी होती. आज मान हलवायची पाळी तुझी.

तुझं तेरावं आम्ही गावातच केलं, रनाळ्याला. सुमन पुण्याहून आली ती तुझी पत्र्याची पेटी घेऊनच. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "दादा, प्रयोगशाळेतली माणसं ह्यांच्या आठवणींची पुस्तिका काढतायत. घरातून दोन पानं द्या म्हणतात. तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "तू मॅट्रिक झालेली. त्याची बायको. तू लिही."

"माझ्याशी जेवढं बोलले त्याच्या दुप्पट ते तुमच्याशी भांडले," ती म्हणाली. "तुम्हीच लिहा."

म्हणून लिहायला बसलो. पुस्तिकेत बाकीचे लोक तुझ्या पदव्या लिहितील, तुझे निबंध कुठे कुठे छापून आले ते लिहितील. मला त्यातलं काही नीट म्हणताही येत नाही. मी तिसरी पास. चौथीत मास्तर विनाकारण ओरडला म्हणून पाटी तिथंच ठेवून घरी आलो तो आलोच. मला शाळेतून कोणी काढलं नाही, मीच शाळेला काढलं. लिहायला मात्र विसरलो नाही, कारण तू पुण्याला गेल्यावर तुला पत्रं लिहावी लागायची. आपण बोलायचो आहिराणीत आणि लिहायचो पुस्तकी मराठीत, जसं काही टपालखातं आहिराणी घेतच नाही. ती सवय आता हाताला लागली आहे, म्हणून हेही तसंच लिहितो. बोललेलं मात्र जसंच्या तसं ठेवणार. तुझं बोलणं मी मराठीत घातलं तर ते तुझं वाटणार नाही.

तर वही. या वहीत एक ओळ खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगायचं म्हणून आठ उन्हाळे गेले.

पण सुरुवातीपासून सांगतो. पुस्तिका वाचणारे शहरातले असतील, त्यांना आपलं खळं माहीत नसेल.

दादर निघाली होती. आपल्याकडे रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. कणसं मळून झाली होती आणि मी वावडीवर उभा राहून उपणत होतो. वावडी म्हणजे तीन पायांची उंच घोडी. तिच्यावर उभं राहून टोपल्यातून दाणा-भूस हळूहळू सोडायचं. दाणा सरळ खाली पडतो, भूस वाऱ्यानं पुढे जातं. सोमा, आपला सालदार, खालून टोपली भरून देत होता. तू सुट्टीवर आलेला. पायजमा घालून खळ्याच्या कडेला बसला होतास, उडणाऱ्या भुसाकडे टक लावून. तू असा बघत बसलास की मला धास्ती वाटायची.

"दादा," तू म्हणालास, "वावडीवर कसाले चढस?"

"वारा वर शे म्हनीसन."

"आनि खाले?"

"खाले नही शे."

"कितला नही शे?"

मी टोपलं तसंच धरून तुझ्याकडे पाहिलं. सोमा हसला. नसलेला वारा किती नाही, हे विचारायला सरकार तुला पगार देतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

मग तू उठून खळ्यात आलास, चपला कडेला काढून. तेवढं मात्र तू कधी विसरला नाहीस. जमिनीवर बसून मला समजावलंस. वारा जमिनीवरून जातो तेव्हा जमीन त्याला धरून ठेवते. अगदी जमिनीला टेकलेला वारा हलतच नाही. त्याच्या वरचा थोडा हलतो, त्याच्या वरचा आणखी, असं करत करत वर मोकळा वारा. जमिनीच्या ओढीत सापडलेला जो हा थर, त्याचं गणित तुम्ही लोक करता. नदीच्या पाण्याचंही तसंच आणि विमानाच्या पंखावरच्या हवेचंही तसंच. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे, आपला बाप ठाऊक असूनच वावडी ठेवून गेला. तू म्हणालास, "तुले ठाऊक शे. माले मोजनं शे."

तिथंच आपलं भांडण सुरू झालं.

पुढच्या उन्हाळ्यात तू ते यंत्र आणलंस. आकडेमोडीचं, हातानं दांडा फिरवायचं, लोखंडी, शिवणयंत्राएवढं जड. नंदुरबारला गाडीतून उतरवताना हमालानं विचारलं म्हणे, यात काय भरलंय. ओसरीवर मांडलंस आणि दिवसभर खडखड खडखड. तुझ्या वहिनीनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी परात आणून तुझ्या पुढ्यात ठेवली.

"ही कसाले, वहिनी?"

"शेवया कव्हय पडतीन? दोन दिन व्हयनात, दांडा फिराईच ऱ्हायनात तुम्ही."

तू इतका हसलास की तुझी बेरीज चुकली. ती पहिल्यापासून करावी लागली, तरी वहिनीवर रागावला नाहीस. माझ्यावर रागावला असतास.

यंत्राशेजारी चौकटींचा मोठा कागद पसरलेला असायचा, चारी कोपऱ्यांवर वजनाला आपली मापं. आडवं गेलं की वारा पुढे जातो, उभं गेलं की जमिनीपासून वर. प्रत्येक चौकटीत वाऱ्याचा वेग भरायचा. पण एका चौकटीचा आकडा काढायला तिच्या वरचीचा, खालचीचा आणि मागचीचा लागायचा. गावात एका घरचं खरं कळायला तीन शेजारी विचारावे लागतात तसं. आणि सगळ्यात खालची ओळ, जमिनीजवळची, ती चुकली तर वरच्या सगळ्या चुकल्या. ही गोष्ट तू दोनदा सांगितलीस. मी दोनदा मान हलवली. लक्षात ठेव, मला ते माहीत होतं.

अडलं होतं ते वेगळ्या जागी. वरचा जोरातला वारा खालच्या हळू वाऱ्याला किती ओढतो, हे तुला गणितात बसवता येईना. प्रयोगशाळेत लाकडी फळीवरून हवा सोडून काही आकडे काढले होते तुम्ही, पण जमिनीवर ते लागू पडत नव्हते. तीन दिवस तू दांडा फिरवत होतास आणि कागद फाडत होतास. चौथ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, चल खळ्यावर, बसून बसून डोक्यात भूस झालं तुझ्या.

खळ्यावर वारा सुटला होता. फाल्गुनात दुपारी पश्चिमेकडून सुटतो तसा. मी तुला वावडीवर चढवलं आणि मूठभर कोंडा सोडायला लावला. म्हटलं, देख. वारा सरळ चालत नाही, लोळत चालतो. वरून वाऱ्याचा गोळा येतो तो स्वतःचा जोर घेऊन खाली येतो, खालच्या कोंड्याला एक हिसका देतो, आणि मग त्याचा जोर तिथंच जिरतो. खालचा आळशी वारा वर जातो तो वरच्याला आळशी करतो. असे सारखे एकमेकांच्या घरी जातात.

"कितलं दूर जातस?" तू वरून विचारलंस.

"तुले सगळं कितलं, कितलं. देख ना. जमिनजोडे कोंडा वीतभर लोळस. छातीजोडे हातभर. वावडीवर दोन हात. जितलं वर, तितली लोळन लांब."

तू वावडीवर तसाच उभा राहिलास. मूठ रिकामी झाली होती, तरी हात पुढे धरलेला. मग खाली उतरलास, चपला न घालता घरी गेलास, तापलेल्या वाटेनं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तुला तीन हाका माराव्या लागल्या. नंतर सांगितलंस की परदेशातल्या एका मोठ्या माणसानं हेच फार आधी सांगून ठेवलं आहे, जितकं वर तितका वाऱ्याच्या गोळ्याचा प्रवास लांब, आणि तुला ते पुस्तकात वाचून पाठ होतं. पण पाठ होतं, दिसलं नव्हतं. आमच्या खळ्यावर दिसलं.

त्या परदेशी माणसाकडे वावडी होती का, हे मी तुला विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस. अजून बाकी आहे.

आता खोट्या ओळीकडे येतो. उगाच लांबवत नाही.

तुला खऱ्या जमिनीवरचे आकडे हवे होते. आपलं खळं शेणानं सारवलेलं, पाटासारखं सपाट, त्याच्याइतकी चांगली जागा पुण्यातही मिळायची नाही, असं तूच म्हणालास आणि मी फुगलो. तू मला एक पंखा दिलास. वाटीएवढा, पितळेचा, आठ पात्यांचा, मागे घड्याळासारखी तबकडी. प्रयोगशाळेनं टाकून दिलेला, तू स्वतः दुरुस्त केलेला. वाऱ्यात एक मिनिट धरायचा आणि काटा कुठे आला ते लिहायचं. पाच उंच्या ठरवून दिल्यास: चार बोटं, वीत, हात, छाती आणि वावडी. सकाळी एकदा, दुपारी एकदा, उपणणी संपेपर्यंत. वहीत रेघा मारून दिल्यास, वर सुंदर अक्षरात नाव घातलंस आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेलास.

वरचे चार आकडे मी चोख लिहिले. याबद्दल कोणी शंका घेऊ नये. वावडीवर चढून घेतले, छातीशी धरून घेतले, उकिडवं बसून हातावरचा आणि वितीवरचा घेतला. सोमा काठी गावच्या होळीला नाचायला गेला तरी एकट्यानं घेतले. तो दरवर्षी जातो, पाच दिवस डोंगरात, ढोल आणि पायांत घुंगरू, त्याला मी कधी अडवलं नाही. घड्याळ डाव्या हातात, पंखा उजव्या हातात.

पण चार बोटांवरचा आकडा घ्यायचा तर पालथं झोपावं लागायचं. गाल जमिनीला लावून, वाऱ्याच्या आड येणार नाही असं अंग एका बाजूला करून, एक मिनिट. पहिल्या दिवशी मी गुडघे टेकले तेवढ्यात शेजारच्या खळ्यावरून भिका ओरडला, "काय रे दादा, खळाले कसाना नमस्कार करी ऱ्हायना? रास त अजून पडेल नही."

त्याच्या खळ्यावरच्या बायका हसल्या.

मी उठलो. गुडघे झाडले. हे गाव मला ओळखतं. मी पाटलापुढे वाकलो नाही, मामलेदारापुढे वाकलो नाही, लग्नात सासऱ्यापुढे वाकलो तोही तुझ्या वहिनीकडे बघून. आणि आता तुझ्या पंख्यासाठी सगळ्या खळ्यांच्या देखत पालथा पडू? शिवाय मला ठाऊक होतंच ना, जमिनीला वारा नसतो. तूच सांगितलं होतंस. सारवलेल्या जमिनीवर बारीक कोंडा बसलेला असतो, वर कितीही वारा असो, हलत नाही. मग जे नाही ते मोजायला झोपायचं कशाला?

चार बोटांच्या ओळीत मी शून्य लिहिलं. पुढच्या दिवशी शून्य. मग एका संध्याकाळी ओसरीवर बसून शेवटपर्यंतची सगळी शून्यं एकदमच लिहून टाकली, जे दिवस अजून यायचे होते त्यांचीसुद्धा.

वही टपालानं पाठवली. महिन्याभरानं तुझं पत्र आलं. तुमच्याकडचा कारकून आकडे उतरवून घेताना अडला होता, आकड्यांच्या मधेमधे 'लाभ' असं लिहिलेला हा गृहस्थ कोण? मी वाचून दाखवलं तेव्हा तुझी वहिनी पदर तोंडाला लावून हसली. पुस्तिका वाचणाऱ्यांसाठी सांगतो. खळ्यावर मोजताना पहिलं माप 'एक' म्हणून टाकत नाहीत, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. सकाळी वारा पडलेला असला की काटा एकावर थांबायचा. मी खळ्यावर बसून 'एक' कसं लिहिणार? तू कारकुनाला समजावलंस, आणि त्यानं म्हणे तुमच्या कोऱ्या कागदावरही एक-दोनदा 'लाभ' लिहून टाकलं.

त्या पत्राच्या शेवटी तू लिहिलं होतंस, "दादा, आकडे फार उपयोगी आहेत. फार काळजीनं घेतले आहेत."

ते वाक्य मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं नाही.

मला वाटलं होतं, तू ओरडशील. ओरडला असतास तर मीही ओरडलो असतो आणि मिटलं असतं. तू ओरडला नाहीस. पुढे दोन वर्षांनी लिहिलंस की मुंबईला खोलीएवढं यंत्र आलं आहे, विजेवर चालणारं, त्याला भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या द्यायच्या. तुझ्या हाताला एक उन्हाळा लागला तेवढं गणित त्यानं एका दुपारी केलं. "आपल्या खळ्याचे आकडे त्याच्यात घातले, आणि उत्तर जमलं." मी ते पत्र खिशात घालून दिवसभर हिंडलो. अभिमानानं हिंडलो, हे खोटं नाही. पण चालताना सारखं मनात यायचं, खालची ओळ चुकली तर वरच्या सगळ्या चुकल्या. मग हे जमलं कसं? का जमलं असं तुला उगाच वाटतंय आणि उद्या कोणी मोठा साहेब उठून म्हणेल, हा रघुनाथ खोटे आकडे घेऊन आला?

मी खळ्यावरचा माणूस. भेसळ काय असते ते मला माहीत आहे. दुसऱ्याच्या राशीत खडे टाकणाऱ्याला आम्ही उभं करत नाही. आणि मी तुझ्या राशीत टाकले होते.

सांगायला किती वेळा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी तू दुसरंच काही काढलंस आणि आपण भांडलो. सरासरीवरून तर किती भांडलो. तू म्हणायचास, यंत्राला प्रत्येक झोत सांगत बसलो तर आयुष्य पुरणार नाही, सरासरी सांगावी लागते. मी म्हणायचो, सरासरी वारा कोणी पाहिला आहे का? वारा येतो झोतानं. झोत आला की टोपलं हलवायचं, गेला की थांबवायचं. उपणणारा सगळा खेळ झोतावर खेळतो.

"सरासरीना वारावर एक टोपलं उपनी दखाड माले," मी म्हणालो होतो, मागच्या दिवाळीला, ओसरीवर.

"त्याच करता त तुन्ही लोळन लेयेल शे मी," तू म्हणालास. "सरासरीमधून जे निसटस, ते मी कोंडाना लोळनमा धरस."

"धरस, पन पुरं धरास का?"

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पुढ्यात होती, ठेच्याला हात लावला नव्हतास. मग म्हणालास, "नही. पुरं कोनलेच धराई नही ऱ्हायनं. आख्खी दुनियामा."

एवढं शिकलेला माणूस आपल्या तिसरी पास भावासमोर हे सांगत होता. मी ठेचा तुझ्याकडे सरकवला.

नंदुरबार स्टेशनावर तुला सोडायला आलो होतो. तू खिडकीत बसलास आणि दरवर्षी विचारायचास तेच विचारलंस.

"पंखा शे ना, दादा?"

"शे. खुंटीले टांगेल शे."

"तेल देत जाय त्याले."

गाडी हलली. तेव्हाही सांगता आलं असतं. गाडी सुटताना नंदुरबारला चांगली हळू असते, माणूस बरोबर चालत बरंच काही सांगू शकतो. मी चाललोही बरोबर. म्हटलं काय, तर "जपीसन जाय."

आता वही.

सुमन पेटी ठेवून गेली तेव्हा मी चार दिवस उघडली नाही. पाचव्या दिवशी उघडली. वर तुझे चष्मे, तीन, सगळ्यांच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. खाली ही वही. मी थेट चार बोटांच्या ओळीवर गेलो. वाटलं होतं, तिथं तांबडी रेघ असेल. मास्तर लोक मारतात तशी.

माझी शून्यं होती तशीच आहेत, रघू. एकाला हात लावलेला नाहीस.

तू खोडलंस ते दुसरंच. ओळीच्या डोक्यावर तुझ्याच अक्षरात 'चार बोटे' असं होतं, ते एका बारीक रेघेनं खोडून तिथं लिहिलं आहेस, 'जमीन'.

मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. मला कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. जमिनीला टेकलेला वारा शून्यच असतो, हे तुझ्या गणितातलं पहिलं वाक्य. चार बोटांवर माझं शून्य खोटं होतं, जमिनीवर खरं होतं. तू माझं शून्य हलवून ते जिथं खरं आहे तिथं नेऊन ठेवलंस. आणि चार बोटांची ओळ गणितातून काढूनच टाकलीस. म्हणजे माझा एकही खोटा आकडा त्या यंत्रात गेला नाही. म्हणून उत्तर जमलं. आठ वर्षं मी उगाच डोक्यावर ओझं घेऊन हिंडलो, आणि तू ते पहिल्याच महिन्यात उतरवून ठेवलं होतंस, मला न सांगता.

समासात पेन्सिलीनं दोन ओळी आहेत. पेन्सिल पुसट झाली आहे, मी उन्हात नेऊन वाचल्या. पहिली: "सगळी शून्ये एका बैठकीत. दादा वाकले नाहीत. बरोबर आहे, ते वाकत नाहीत." दुसरी: "चार बोटांवर वावडीच्या निम्म्याहून थोडा जास्त यावा? कधीतरी मोजायला हवे."

कधीतरी मोजायला हवे. आणि दरवर्षी विचारायचास, पंखा आहे ना. मला वाटायचं, तुला पितळेची काळजी आहे.

मला राग आला, हे कबूल करतो. तू मला विचारायला हवं होतंस, तोंडावर, दोन भाऊ बोलतात तसं. पण विचारलं असतंस तर मी काय म्हणालो असतो? खोटं बोललो असतो, आणि मग ते खोटं सांभाळत बसलो असतो मरेपर्यंत. तू ते ओळखून होतास. तुला वाऱ्याचं जेवढं कळत होतं त्याच्यापेक्षा माझं जास्त कळत होतं, आणि माझी सरासरी तू कधी काढली नाहीस.

आणि आणखी एक. निम्म्याहून जास्त? चार बोटांवर? मला ते पटलं नाही. तिथं कोंडा हलत नाही, आणि हा म्हणतो निम्म्याहून जास्त. सगळं आयुष्य खळ्यावर काढलं आहे मी.

काल दुपारी वारा सुटला. दादर कालच मळून झाली होती, खळं सारवलेलं. मी खुंटीवरचा पंखा काढला. तेल दिलेलं होतं, दरवर्षी देतच होतो. घड्याळ घेतलं. आधी वावडीवर चढलो. तुझी वहिनी खालून ओरडत होती की या वयात चढू नका, आणि सोमानं वावडीचे दोन पाय धरले होते. काटा चाळिसावर आला. उतरलो.

मग खळ्याच्या मधोमध गेलो आणि पालथा झोपलो.

सोमा धावत आला, त्याला वाटलं मी पडलो. मी म्हटलं, बाजूला हो, वारा अडतो. शेजारच्या खळ्यावर भिका होताच. तोही म्हातारा झाला आहे, पण आवाज तसाच आहे.

"काय रे दादा, काय व्हयनं?"

"काही नही. रघूनं काम करी ऱ्हायनू."

तुझं काम म्हटल्यावर त्यानं आपल्या माणसांना उपणणी थांबवायला सांगितली. त्यांचं भूस माझ्याकडे येत होतं म्हणून. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गाल जमिनीला लावला. शेणाचा आणि दादरीचा वास आला. इतक्या वर्षांत खळं मी इतक्या खालून कधी पाहिलं नव्हतं. नाकासमोर कोंड्याचे तुकडे चिकटून बसले होते, हलत नव्हते, माझं तेवढं खरं. आणि त्यांच्यावर चार बोटांवर तुझा पंखा गरगरा फिरत होता. नुसता फिरत नव्हता, मधेच दम खायचा, मधेच कोणी मागून ढकलल्यासारखा सुटायचा. मी पाहत राहिलो. पहिलं मिनिट मोजायचंच विसरलो.

मग तीनदा मोजलं. एकवीस आले. अठरा आले. पंचवीस आले.

म्हणजे माझं चुकलं. लिहून देतो, पुस्तिकेत छापा. चार बोटांवर वारा आहे, आणि चांगला आहे.

उठायला सोमाचा हात घ्यावा लागला. कपड्यांना शेण लागलं होतं, ते झाडलं नाही. तसाच घरी आलो आणि वहीत तुझ्या 'जमीन'च्या वर एक नवी रेघ मारून 'चार बोटे' लिहिलं, माझ्या अक्षरात, आणि त्याच्यापुढे तिन्ही आकडे. सरासरी काढलेली नाही. ते भांडण अजून मिटलेलं नाही. काढायची असेल तर तू काढ.